पापांनी आज काय खाल्लं

१२ नोव्हेंबर

नर्स ओडेटने ही वही दिली. म्हणाली, "फिलोमीन, वडिलांनी काय खाल्लं, किती खाल्लं, खाज किती, वजन किती, रोज लिहीत जा. मला शहरातल्या डॉक्टरांना दाखवायचंय. आणि गप्पा लिहू नकोस."

मी म्हटलं, गप्पा मी मारते, लिहीत नाही.

तर लिहिते. वजन एकाहत्तर किलो, ईस्टरला ऐंशी होतं. खाज आहे, पाठीला जास्त. सकाळी चहा आणि भाकरीचा तुकडा. दुपारी सशाचं कालवण, दोन घास, तेही मी डोळे वटारल्यावर. संध्याकाळी परत चहा.

१५ नोव्हेंबर

नदीच्या तोंडाशी बर्फ माणूस उभं राहील इतकं धरलं. सात भोकं पाडली, सात गळ सोडले. हात बधिर झाले पण जीव सुखावला. पापा चालते-फिरते असते तर आठवं भोक त्यांनी पाडलं असतं आणि माझी सातही चुकीच्या जागी आहेत असं सांगितलं असतं.

वजन तेच. जेवण नावापुरतं.

१७ नोव्हेंबर

पहिला लोश मासा लागला! हनुवटीला एकच मिशी असलेलं ते कुरूप ध्यान बर्फावर पडलं आणि मी लहान पोरीसारखी ओरडले.

आमच्याकडे लोशची कलेजी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची. घरात कुणी पोटुशी असेल तर त्याने आपल्या हाताने एक घास तिला भरवायचा, नसेल तर सगळ्यात लहान पोराला. टॅनिस माझ्या पोटात होती तेव्हा पापांनीच मला भरवलं होतं. आता टॅनिस पोटुशी आहे, पण ती कॉलेजपायी खाणीच्या शहरात राहते, त्यामुळे तिचा घास नाताळात.

कलेजी तळहाताएवढी, पांढरी, तळली की लोण्यासारखी. पापांनी अर्धी खाल्ली, उरलेली शेजारच्या सेलेस्तीनच्या नातवाला दिली आणि ओठ पुसत म्हणाले, "आता मेलो तरी चालेल."

"अजून सहा गळ रिकामे आहेत," मी म्हटलं, "तेवढे भरेपर्यंत थांबा."

२१ नोव्हेंबर

गेब विमानाने आला. चौदा दिवस खाणीच्या साइटवर, चौदा दिवस घरी, असा बारा वर्षं आमचा संसार चाललाय. डांबरी वाळू धुऊन तेल काढलं की जो गाळ उरतो त्याच्या तळ्यावर तो पंप चालवतो. तळं म्हणतात, पण आमच्या गावासारखी दोन गावं त्यात बुडतील. बदकं उतरू नयेत म्हणून तिथे दिवसभर तोफा उडतात, त्यामुळे घरी आल्यावर दोन दिवस तो ओरडूनच बोलतो.

या वेळी ओरडला नाही. मी तळलेला मासा पुढे ठेवला तर ताटली सरकवली. "पोट बिघडलंय." आणि मग स्वतः आणलेली अर्धी कोंबडी संपवली! पोट बिघडलेल्या माणसाने.

पापा कलेजी खात होते ते एकटक बघत राहिला. मग म्हणाला, "चला पापा, सरपण फोडू." त्यांच्या अंगात काठी उचलायचा जीव नाही. तरी गेले. तासभर शेडमध्ये होते. एक लाकूड फोडलं नाही आणि परत आले.

पापांनी कलेजी अर्धीच खाल्ली होती. परत आल्यावर उरलेली मागून घेतली आणि संपवली. सेलेस्तीनचा नातू दारात येऊन उभा होता, त्याला हाकलून दिलं. त्याच्या तोंडचा घास काढणारे पापा मी आजवर पाहिले नव्हते.

२४ नोव्हेंबर

गेब म्हणतो गळ नदीच्या तोंडाशी नको, उत्तरेला बेटांपाशी टाक. बेटांपाशी! स्नोमोबिलवर जायला दोन तास. इथे मी चहा चुलीवर ठेवून जाऊन येते.

"का?" मी विचारलं.

"तिकडे मासा मोठा मिळतो."

"तुला मासा आवडेनासा झालाय आणि मला मोठा मिळावा म्हणून झुरतोस?"

तो बूट घालून बाहेर निघून गेला. 

वजन एकोणसत्तर. कलेजी पूर्ण.

३ डिसेंबर

कुणीतरी माझे गळ कापले. सातही. दोऱ्या चाकूने सफाईने कापलेल्या, भोकांवर बर्फ लोटून सारखं केलेलं. चाळीस वर्षं या गावात कुणी कुणाच्या गळाला हात लावला नाही. मी दुकानात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्याचा उद्धार केला. गेब माझ्यामागे पिठाची पिशवी धरून उभा होता. "जाऊ दे ना फिलो, चल घरी," एवढंच म्हणाला. बायकोच्या बाजूने एक शिवी तरी घालायची!

संध्याकाळच्या आत त्याच जागी नवे नऊ गळ टाकले. जळणाऱ्याला जळू दे.

१९ डिसेंबर

नदी-तळी गोठली की त्यांच्यावरून ट्रक जातील असा जो बर्फाचा रस्ता होतो, तो उघडला. गेब साइटवरून ट्रक घेऊन आला, आणि ट्रकमध्ये काय? पाण्याच्या बाटल्या. चाळीस खोकी. म्हणे गावाच्या नळाला वास येतो. जन्म गेला या पाण्यावर. दक्षिणेचा वारा सुटला की इथे सगळ्यालाच डांबराचा वास येतो, उशीलासुद्धा. त्याला आत्ता आला?

आता खरं लिहिते, कारण दुसरं कुणाला सांगू. दुपारी तो ओसरीत फोनवर बोलत होता. मी दाराआड होते. म्हणाला, "नाही. तिला माहीत नाही. नाही सांगितलं. नाताळ होऊ दे."

 शहराची चटक लागलेली जीभ, न खाल्लेला मासा, बाटलीतलं पाणी. सत्तावीस वर्षांनंतर कोण आहे ही, जी त्याला कोंबडी करून घालते?

पापा: चहा, सूप अर्धी वाटी. कलेजी पूर्ण.

२५ डिसेंबर

टॅनिस आलीय. सहावा महिना, गाल भरलेत, चालताना कमरेवर हात ठेवते. मूशुमच्या मांडीपाशी बसून तिने हावरट पोरीसारखा तोंडाचा आ केला. "मूशुम, माझा घास!" आजोबांना ती बोलायला लागल्यापासून याच नावाने हाक मारते.

पापांनी ताटली छातीशी धरली. "माझं आहे."

आम्हाला वाटलं थट्टा. टॅनिसने हात पुढे केला तर त्यांनी तिच्या बोटांवर चमचा मारला. जोरात. मग घाईघाईने, घास घशात अडकेपर्यंत, सगळी कलेजी संपवली. ठसका लागला. गेब उठून बाहेर गेला.

टॅनिस हसली, पण नंतर भांडी घासताना तिचे डोळे भरले होते. "मूशुमला माझं बाळ नकोय का? बाप कोण ते मी सांगितलं नाही म्हणून?"

मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, तसं काही नाही, म्हातारा हावरट झालाय. मला फार लाज वाटली. ज्या माणसाने उपासमारीच्या वर्षात आपला वाटा कुत्र्यांना घातला, तो नातीच्या पोटातल्या जिवाला एक घास देत नाही. आजाराने माणूस असा होतो का, हे नर्सला विचारायचं.

२ जानेवारी

टॅनिस गेली. गेबला तोंडावर विचारलं, "कोण आहे ती?"

"कोण कोण?"

"शहरातली. कोंबडीवाली."

तो आधी हसला. मग खुर्चीत बसला आणि तोंड हातात लपवलं. "असती तर बरं झालं असतं फिलो," म्हणाला. "सगळं सोडून शहरात राहायला चल. पापांना घेऊन. या आठवड्यात."

असती तर बरं झालं असतं! बायकोला असं म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणावं. मी त्याचे कपडे बाहेरच्या खोलीत टाकले.

९ जानेवारी

गेब कामावर आहे. घर शांत आहे आणि डोकं नाही.

खाणीवर मला राग काढता येत नाही, हीच तर पंचाईत. पापांनी सापळ्यात धरलेल्या जनावरांची कातडी कुणी विकत घेईना तेव्हा आम्ही सरकारी पिठावर जगलो, ते मला आठवतं. गेबच्या पगाराने हे न गळणारं छप्पर आलं, माझे नवे दात बसले, टॅनिस कॉलेजात गेली. पापांना दवाखान्यात नेणारं विमान ज्या पट्टीवर उतरतं ती कंपनीने बांधलीय. आणि त्याच बारा वर्षांत नदीचं पाणी इतकं उतरलं की पापांच्या सापळ्यांच्या जागी आता झुडपं आहेत. दोन्ही बाजू मनात मांडून बघते, तर या बाजूला नवरा बसलेला असतो आणि त्या बाजूला बाप.

वजन चौसष्ट.

१८ जानेवारी

सकाळी खिडकीपाशी पापांचे डोळे पाहिले. पिवळे. ओडेटने लगेच विमान मागवलं.

२६ जानेवारी

एडमंटनचं मोठं हॉस्पिटल. पित्ताच्या नळीत गाठ आहे. कापता येत नाही. डॉक्टर तरुण आहे, भला आहे, हात हातात घेऊन बोलला. मी विचारलं, "कशाने झालं?"

"सांगता येत नाही. वय असतं, नशीब असतं. एका माणसाच्या बाबतीत कधीच सांगता येत नाही."

"आमच्या गावात हा तिसरा आहे."

त्याने खाली पाहिलं. "तरीही सांगता येत नाही," म्हणाला.

पापा म्हणाले, "मला घरी ने. इथल्या जेवणाने मरेन."

६ फेब्रुवारी

घरी. सूप नको, भात नको, ओडेटने दिलेलं डब्यातलं दूध थुंकून टाकतात. फक्त कलेजी खातात. मी पुढे ठेवते आणि समोर बसून राहते, शेवटचा घास जाईपर्यंत हलत नाही. ते माझ्याकडे बघत बघत गिळतात. लोशचा हा अंडी घालायचा काळ, मासा भरपूर. या आठवड्यात तीन कलेज्या. शक्ती येईल. देवा, शक्ती येऊ दे.

२० फेब्रुवारी

नीट लिहायला हवं. 

आज हॉलमध्ये बैठक होती. कंपनीची दोन माणसं, सरकारची एक बाई. सगळं गाव चहा घेऊन बसलेलं. कंपनीच्या माणसाने पडद्यावर नकाशा लावला आणि म्हणाला, गेल्या मे महिन्यात गाळाच्या तळ्याच्या बांधाखालून थोडी झिरप आढळली.

सेलेस्तीन उभी राहिली. "थोडी म्हणजे किती? बादलीभर का तळंभर?"

"त्याचं मोजमाप चालू आहे."

"नऊ महिने? माझ्या नातवाला जन्माला यायला तेवढेच लागले."

लोक हसले, आणि मग एकदम कुणी हसेना. सरकारची बाई म्हणाली, खबरदारी म्हणून नदीच्या तोंडाचे मासे, विशेषतः कलेजी, तूर्त खाऊ नये. गलका झाला. ट्रकवाला रेमंड ओरडला, "उद्या खाण बंद पडली तर या हॉलचा दिवा कोण लावणार? सेलेस्तीनबाई, तुम्ही स्नोमोबिलवर आलात ना? ती काय चहावर चालते?"

"माझी चालते पेट्रोलवर," ती म्हणाली, "पण माझा नातू नाही चालत."

कुणीतरी विचारलं, तुम्ही लपवलंत का? कंपनीच्या माणसाला ते लागलं. चांगला प्रामाणिक चेहरा करून म्हणाला, "लपवलं नाही. बांधावरच्या पंपांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला मे महिन्यातच लेखी कल्पना दिली होती."

आमच्या गावातला बांधाच्या पंपांवर काम करणारा माणूस एकच. तो दाराशी उभा होता. सगळ्या माना आधी त्याच्याकडे वळल्या, मग माझ्याकडे. त्यांना वाटलं मलाही माहीत होतं. दुकानात गळ कापणाऱ्याला शिव्या घालणाऱ्या मला.

घरी आले. तो मागून आला. "कागदावर सही घेतली होती फिलो. बोललो तर नोकरी गेली असती. ते म्हणाले झिरप हद्दीच्या आतच आहे, मी विश्वास ठेवला. मग शरद ऋतूत बांधाबाहेरचं पाणी मी स्वतः पाहिलं. गळ मीच कापले. अजून काय करू शकत होतो?"

"तोंड उघडू शकत होतास," मी म्हटलं, आणि दार लावलं. बाहेर उणे एकतीस होतं.

२१ फेब्रुवारी

रात्रभर ही वही वाचली. माझ्याच अक्षरात. कलेजी पूर्ण, कलेजी पूर्ण, कलेजी पूर्ण. चौदा वेळा. जगातली कुठलीही बाई आपल्या बापाला काय चारलं याचा इतका चोख हिशेब ठेवत नसेल.

सकाळी पापांच्या पलंगापाशी गुडघ्यावर बसले. "पापा, मी तुम्हाला विष चारलं."

"उठ. गुडघे दुखतील," पापा म्हणाले. आवाज अगदी बारीक झालाय. "मला माहीत होतं."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"गेबने नोव्हेंबरात सांगितलं. सरपणाच्या शेडमध्ये. रडला पोरगा. मीच म्हटलं, फिलोला सांगू नकोस. ती हॉलच्या छपरावर चढून ओरडेल. तुझी नोकरी जाईल, टॅनिसचं कॉलेज जाईल. बाळ येऊ दे, मग सांगू."

"मग खाल्लंत कशाला? फेकायचं! कुत्र्याला घालायचं!"

"तू हलत होतीस का समोरून? वही घेऊन बसायचीस पोलिसासारखी." ते हसले, म्हणजे ओठ हलले. "आणि मी नको म्हटलं असतं, तर ती कलेजी कुणाला गेली असती? आपली रीत काय आहे?"

 टॅनिसच्या बोटांवर बसलेला चमचा माझ्या कानात वाजला.

"मी तर आधीच खाजवत होतो," पापा म्हणाले. "मला काय फरक पडणार होता."

"आणि बाकीचं गाव? सेलेस्तीनचा नातू?"

 "त्याला हाकलला होता मी. दोनदा," म्हणाले. "गावाला वीस वर्षं सांगतोय, मासा रॉकेलसारखा लागतो. म्हाताऱ्याचं कोण ऐकतं." मग तोंड भिंतीकडे केलं. "ते चुकलंच माझं. ते तू लिहून ठेव."

लिहून ठेवलं.

१ मार्च

गेबने हॉलमध्ये सरकारच्या बाईला सगळं लेखी दिलं. तारखांसकट. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. तो रेमंडच्या गॅरेजमध्ये झोपतो. टॅनिसने फोनवर विचारलं, बाळाला काही होईल का? मी म्हटलं, ओडेट म्हणते तू नदीतलं काही खाल्लं नाहीस ना, मग काळजी करू नकोस. तिने एक घासही खाल्ला नाही. हे मला माहीत आहे, चोख माहीत आहे, वहीत आहे.

पापा: पाणी, चार चमचे.

७ मार्च

पाणी, दोन चमचे. ओडेट येऊन बसते. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला हावरट म्हणाले होते मी. ते झोपेत होते. ऐकलं की नाही कळलं नाही.

११ मार्च

पापा सकाळी सव्वानऊला गेले. काही खाल्लं नाही.

१५ मार्च

काल माती दिली. जमीन इतकी गोठलेली की तीन दिवस आग पेटवून खणावी लागली.

आज आगीला जेवण द्यायचं होतं. गेलेल्याच्या आवडीचा पदार्थ आगीत घालायचा, म्हणजे तो त्याला पोचतो. सेलेस्तीनने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काय घालणार आहेस?" सगळ्या गावाला माहीत आहे पापांना काय आवडायचं. मी म्हटलं, भाकरी घालू, चहा घालू.

दुपारी गेब आला. दाढीवर बर्फ, गालाला थंडीने काळा डाग पडलेला. चार दिवस तो कुठे होता ते मी कुणाला विचारलं नव्हतं. उत्तरेला, बेटांच्याही पलीकडे, जिथे आमच्या नदीचं पाणी पोचत नाही त्या तळ्यावर गेला होता. पोत्यातून एक लोश काढला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला.  मी मासा घेतला, आणि आत गेले तेव्हा दार लावलं नाही.

कलेजी चांगली होती. पांढरी, घट्ट, एक डाग नाही. तव्यावर टाकली तसा तोच वास घरभर झाला आणि बायका रडायला लागल्या.

आगीभोवती सगळे उभे राहिले. टॅनिस माझ्याशेजारी होती, नववा महिना, पापांचा कोट घालून, कारण दुसरा कुठला तिच्यावर बसत नाही. आगीला दिल्यावर उरलेला घास पोटुशीचा. मूशुमच्या नावाचा. तिने हात पुढे केला. नाताळात केला होता तसाच.

गेब म्हणाला, "फिलो, ते पाणी चांगलं आहे. मी शपथेवर सांगतो."

असेल. मी त्या कलेजीकडे पाहिलं, टॅनिसच्या हाताकडे पाहिलं, आणि ताटली छातीशी धरली. मग सगळी आगीत टाकली.

ओडेट उद्या वही न्यायला येणार आहे. तिला लागेल म्हणून लिहिते.

कलेजी पूर्ण. कुणाला घास दिला नाही.